रेल्वेचा हिशेबतपासनीस

इसवी सन १९२० च्या सुमारास मुंबईच्या बोरीबंदर स्टेशनावर कोल्हापूरचें तिकीट काढणारा गृहस्थ खिडकींत एकदांच पैसे देई आणि एकच तिकीट घेई. परंतु ज्या रुळांवरून त्याला जावयाचें असे, ते कांहीं एका मालकाचे नव्हते. मुंबईपासून पुण्यापर्यंत जी. आय. पी. रेल्वे; पुण्यास गाडी बदलल्यावर मिरजेपर्यंत मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे; आणि मिरजेपासून पुढचा, १८९१ सालीं सुरू झालेला लोहमार्ग कोल्हापूर संस्थानच्या मालकीचा, मात्र त्यावर गाड्या चालविण्याचें काम मराठा रेल्वेकडे. प्रवासी कोल्हापुरास उतरून टांग्यांत बसला, कीं त्याचा प्रवास संपला. त्यानें मुंबईच्या खिडकींत दिलेल्या रुपयांचा प्रवास मात्र तेथून पुढें सुरू होई. त्या रुपयांपैकीं जी. आय. पी. चे किती, मराठा रेल्वेचे किती आणि संस्थानच्या खजिन्याचे किती, हें कोणीं ठरवावयाचें? आणि ज्याच्या पेटींत सगळे पैसे पडले, त्यानें सांगितलेला आंकडा इतरांनीं खरा कां मानावयाचा?

या दोन प्रश्नांचें उत्तर देणारा माणूस म्हणजे रेल्वेचा हिशेबतपासनीस. इंजिन बनविणाऱ्या स्टीफन्सनचें नांव शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक असतें. डोंगर फोडून घाटांतून रूळ नेणाऱ्या इंजिनियरांचें कौतुक ग्रंथांतून वाचावयास मिळतें. तपासनिसाचें नांव मात्र कोणी घेत नाहीं. तो स्टेशनांत आला, कीं कारकुनांच्या कपाळाला आठ्या पडतात. तो गेला, कीं सर्वांना हायसें वाटतें. दुसऱ्याचीं उणीं काढणारा आणि चोर धरणारा, एवढीच त्याची ख्याति. परंतु आगगाडीचा इतिहास बारकाईनें पाहिल्यास असें दिसतें, कीं चोर धरणें हें त्याचें दुय्यम काम होय. प्रत्येक आंकड्यामागें दुसरी साक्ष उभी करणें, हें त्याचें मुख्य काम. जेथें ही दुसरी साक्ष होती, तेथें परक्यांनीं परक्यांवर विश्वास ठेवला. जेथें ती नव्हती, तेथें भल्याभल्यांचीं घरें बुडालीं.

या साक्षीचा आरंभ एका पुठ्ठ्याच्या तुकड्यापासून झाला. आगगाड्या प्रथम सुरू झाल्या, तेव्हां तिकिटाची रीत घोड्यांच्या टपालगाडीवरूनच उचललेली होती. कारकून प्रवाशाचा तपशील कागदाच्या चिठोऱ्यावर हातानें लिही व तें फाडून देई. गर्दी वाढली, कीं लिहिण्यास वेळ पुरत नसे; आणि कारकुनानें पैसे घेऊन नोंदच केली नाहीं, तर तें उमगण्याचा सोपा मार्ग नसे. इंग्लंडच्या उत्तरेस न्यूकॅसल ते कार्लाइल या मार्गावर मिल्टन नांवाचें एक लहानसें स्टेशन होतें. तेथें १८३६ सालीं टॉमस एडमंडसन हा स्टेशनमास्तर म्हणून लागला. हा मूळचा लांकडी सामान बनविणारा कारागीर. धंद्यांत दिवाळें निघाल्यामुळें नोकरीच्या आश्रयास आलेला. चिठ्ठ्या लिहून लिहून कंटाळलेल्या या कारागिरानें एकाच मापाचीं पुठ्ठ्याचीं तिकिटें छापविलीं, प्रत्येकावर अनुक्रमांक घातला, आणि त्यांवर तारीख उमटविण्याचें एक लहान यंत्र तयार केलें.

वरवर पाहतां ही सोय केवळ घाईसाठीं दिसते. तिच्यांतील खरी शक्ति अनुक्रमांकांत होती. समजा, सकाळीं खिडकी उघडतांना पहिलें तिकीट दोनशें क्रमांकाचें होतें, आणि रात्रीं खिडकी बंद करतांना विकावयाचें राहिलेलें पहिलें तिकीट दोनशें साठ क्रमांकाचें आहे. म्हणजे साठ तिकिटें गेलीं, आणि पेटींत साठ भाडीं असलींच पाहिजेत. कारकून काय सांगतो हें विचारण्याचें कारणच उरलें नाहीं. पुठ्ठाच साक्ष देऊं लागला. शिवाय उतरण्याच्या ठिकाणीं गोळा झालेलीं तिकिटें हिशेबाच्या कचेरीकडे जात. विकणारा एका गांवीं, गोळा करणारा दुसऱ्या गांवीं. दोघांची गांठ नाहीं, ओळख नाहीं, आणि तरी दोघांचा आंकडा जुळावा लागे. प्रामाणिक कारकुनाला हें जाचक वाटण्याचें कारण नव्हतें. उलट त्याच्यावर कोणी आळ घेतला, तर त्याच्या बाजूनें बोलणारा हाच एक साक्षीदार होता. पुढें एडमंडसन मँचेस्टर-लीड्स रेल्वेंत गेला, आणि आपल्या शोधाच्या वापराबद्दल कंपन्यांकडून मार्गाच्या दर मैलामागें वर्षाला दहा शिलिंग घेऊं लागला. हिंदुस्थानांतहि हीच पुठ्ठ्याचीं तिकिटें पिढ्यान् पिढ्या लोकांच्या खिशांत राहिलीं.

एका कंपनीच्या घरांतला प्रश्न अशा रीतीनें सुटला. पण कंपन्या अनेक झाल्या, तेव्हां दुसरी अडचण उभी राहिली. एका कंपनीची हद्द संपली, कीं प्रवाशानें उतरावें, नवें तिकीट काढावें. व्यापाऱ्याची गांठोडीं एका डब्यांतून काढून दुसऱ्यांत भरावीं, असा प्रकार इंग्लंडांत चाले. आपला डबा दुसऱ्याच्या हद्दींत सोडावा, तर तो परत केव्हां येईल, किती मैल फिरेल आणि त्याचें भाडें कोण देईल, याची हमी कोणाची? लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेच्या हिशेबतपासणीच्या खात्यांत केनेथ मॉरिसन नांवाचा अधिकारी होता. लंडनच्या पेढ्या दिवसभराच्या हुंड्या एका जागीं आणून केवळ बाकीची देवघेव करीत, ही पद्धति डोळ्यांपुढें ठेवून त्यानें रेल्वेसाठीं तशीच व्यवस्था सुचविली. कंपनीचा अध्यक्ष जॉर्ज कार ग्लिन हा स्वतः पेढीवाला असल्यामुळें त्याला ती तत्काळ पटली. ता. २ जानेवारी १८४२ रोजीं लंडनच्या यूस्टन स्टेशनाजवळ ‘रेल्वे क्लिअरिंग हाउस’ या नांवाची कचेरी उघडली.

या कचेरीकडे निरनिराळ्या कंपन्यांच्या स्टेशनांवरून पत्रकें येत. कोणत्या स्टेशनानें परक्या हद्दीचीं किती तिकिटें विकलीं, किती माल पाठविला, किती आला, हें सर्व त्यांत असे. पाठविणाऱ्या स्टेशनाचें पत्रक आणि घेणाऱ्या स्टेशनाचें पत्रक शेजारी ठेवून कारकून ताळा पाहत. प्रत्येक कंपनीच्या वाट्याचे मैल मोजून उत्पन्नाची वांटणी होई, आणि अखेरीस ज्याच्याकडे देणें निघेल त्यानें तेवढी बाकी भरावयाची. पण पत्रकें कंपन्यांचींच. तीं दोन्हीं चुकलीं तर? यासाठीं क्लिअरिंग हाउसनें दोन कंपन्यांचे रूळ जेथें मिळत, त्या जंक्शनांवर आपले स्वतःचे पगारी नोकर ठेवले. त्यांचें काम एवढेंच, कीं जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक परक्या डब्याचा, इतकेंच नव्हे तर त्यावरील ताडपत्रीचाहि नंबर वहींत टिपून घ्यावयाचा. ऊन असो, हिमवर्षाव असो, मध्यरात्र असो, हा मनुष्य कंदील घेऊन रुळांच्या कडेला उभा. त्याला ना या कंपनीचें मीठ, ना त्या कंपनीचें. म्हणूनच त्याची वही दोन्हीं पक्षांना मान्य होई.

या एका व्यवस्थेनें किती गोष्टी घडून आल्या! परस्परांशीं चढाओढ करणाऱ्या कंपन्यांचे डबे एकमेकांच्या रुळांवर निर्धास्त फिरूं लागले. गांवोगांवचीं घड्याळें निराळीं असल्यानें पत्रकांचा मेळ बसेना, तेव्हां सप्टेंबर १८४७ मध्यें याच संस्थेनें सर्व स्टेशनांवर ग्रिनिचची वेळ पाळावी अशी शिफारस केली. शतकाच्या अखेरीस तेथील कारकुनांची संख्या दोन हजारांवर गेली होती. इंग्लंडांतील रेल्वे १९४८ सालीं राष्ट्राच्या मालकीच्या झाल्यावर हें काम हळूहळू आटोपलें, आणि १९६३ सालीं संस्था विसर्जित झाली.

येथपर्यंतची हकीकत साक्षीच्या यशाची झाली. परंतु नवलाची गोष्ट अशी, कीं ज्या काळांत ताडपत्रीचाहि नंबर टिपला जात होता, त्याच काळांत कंपन्यांच्या भांडवलाच्या मोठ्या वह्यांकडे कोणी परका माणूस पाहत नव्हता. स्टेशनांतील कारकुनावर दोन साक्षी, आणि अध्यक्षावर एकहि नाहीं, अशी ती उफराटी स्थिति होती. यॉर्कचा कापडदुकानदार जॉर्ज हडसन हा वारशानें मिळालेल्या पैशाच्या बळावर रेल्वेच्या धंद्यांत शिरला, आणि थोड्याच वर्षांत हजार मैलांहून अधिक लोहमार्गाचा सूत्रधार झाला. लोक त्याला ‘रेल्वेचा राजा’ म्हणूं लागले. त्याच्या कंपन्या डिव्हिडंड घसघशीत देत. मग हिशेब मागणार कोण? विधवांनीं, पेन्शनरांनीं, खेड्यांतील धर्मोपदेशकांनीं आपली पुंजी त्याच्या शब्दावर रेल्वेंत घातली. त्याचा पुतळा उभारण्यासाठीं वर्गणीहि जमली.

१८४७ सालानंतर बाजार उतरला, आणि मग भागीदारांना जाग आली. १८४९ मध्यें त्याच्या एकामागून एक कंपन्यांत चौकशीच्या समित्या बसल्या. वह्या उघडल्यावर दिसून आलें, कीं वाटलेला नफा पुष्कळ अंशीं मिळविलेलाच नव्हता; भांडवलाचा पैसा नफ्याच्या खात्यांत घालून तो डिव्हिडंड म्हणून परत दिला होता. लोकांना त्यांचीच पुंजी व्याज म्हणून मिळत होती, आणि ते संतोषानें ती खर्चीत होते! हडसन अध्यक्ष म्हणून जें ठरवी, तेंच हिशेबनीस वहींत मांडी, आणि तेंच तो सभेपुढें वाची. एका तोंडानें बोललेलें दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें. तो पुतळा कधींच उभा राहिला नाहीं. पुढें कर्जापायीं परदेशांत दिवस कंठून, यॉर्कच्या तुरुंगाची हवाहि खाऊन, १८७१ सालीं हडसन वारला.

कायद्यांत तपासनीस नव्हता असें मात्र नाहीं. १८४५ च्या कायद्याप्रमाणें तपासनीस नेमावयाचा होता. पण तो कंपनीचाच भागीदार असला पाहिजे, अशी अट होती. कल्पना अशी, कीं ज्याचा पैसा गुंतला तो डोळ्यांत तेल घालून पाहील. अनुभव उलट आला. ज्याला डिव्हिडंड हवा, तो डिव्हिडंड खोटा कशाला म्हणेल? अखेरीस १८६७ च्या कायद्यानें तपासनिसाच्या दाखल्यावांचून डिव्हिडंड जाहीर करण्यास बंदी केली, आणि १८६८ च्या कायद्यानें सर्व रेल्वेंच्या हिशेबाचा एकच नमुना ठरवून तपासनिसानें भागीदार असण्याची अट काढून टाकली. स्वार्थ हा चांगला पहारेकरी नव्हे, हें समजण्यास वीस वर्षें लागलीं.

दाखला देणारा तपासनीस असूनहि घर फोडलें जातें, याचें उदाहरण लंडनच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेंत १८५६ सालीं घडलें. लिओपोल्ड रेडपाथ हा तेथें भागांच्या नोंदवहीचा अधिकारी होता. पगार बेताचा, पण राहणी सरदाराची. शिवाय धर्मादाय संस्थांना सढळ हातानें देणग्या देणारा म्हणून त्याची मोठी कीर्ति. खरी गोष्ट अशी होती, कीं तो नोंदवहींत खोटे भाग उत्पन्न करून बाजारांत विकी. कोणाच्या नांवावर पांचशें पौंड असले, तर त्या आंकड्यामागें एक रेघ ओढावी, कीं पंधराशें झाले. अशा रीतीनें दोन लाख पौंडांहून अधिक रकमेची अफरातफर झाली. खोट्या भागांवरहि डिव्हिडंड जातच होता. कंपनीचें खरें भांडवल किती व त्यावर डिव्हिडंड किती व्हावयास पाहिजे, हा गुणाकार कोणाहि शाळकरी मुलाच्या आवांक्यांतला. एका वहींत भांडवल, दुसऱ्या वहींत डिव्हिडंड; दोन्हीं वह्या कंपनीच्याच घरांत. त्या नेटानें शेजारी ठेवून फरकाचा छडा कोणीं लावला नाहीं. अखेर विल्यम डेलॉइट या हिशेबतज्ज्ञानें वह्या पुन्हां तपासून घोटाळा उलगडला. जानेवारी १८५७ मध्यें रेडपाथला जन्मठेपेची शिक्षा झाली, आणि त्याची रवानगी ऑस्ट्रेलियास करण्यांत आली.

या दोन्हीं प्रकरणांतून निघणारें तत्त्व महाराष्ट्राला अपरिचित नव्हतें. पेशवाईंत परगण्याचा कारभार मामलेदाराकडे असे. पण त्याच्या जोडीस फडणीस, मुजुमदार इत्यादि दरखदार असत. हिशेबावर व कागदांवर मुजुमदाराची निशाणी लागे. आणि मुख्य गोष्ट ही, कीं मामलेदाराला या दरखदारांस कामावरून दूर करण्याचा अधिकार नसे. ज्याचा हिशेब पाहावयाचा, त्याच्याच हातीं आपली भाकरी नसावी, हें मर्म त्या व्यवस्थेंत होतें. पुढें पुढें वतनदारीमुळें ती शिथिल झाली, हा भाग निराळा.

हिंदुस्थानांत रेल्वे आली, ती मात्र हें मर्म विसरूनच. ता. १७ ऑगस्ट १८४९ रोजीं ईस्ट इंडिया कंपनीनें जी. आय. पी. व ईस्ट इंडियन या दोन रेल्वे कंपन्यांशीं करार केले. जमीन फुकट, आणि घातलेल्या भांडवलावर शेंकडा पांच टक्के व्याजाची सरकारची हमी. उत्पन्न कमी पडलें तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरींतून भरून द्यावयाची. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंतची २१ मैलांची पहिली गाडी सुटली, ती याच कराराच्या पायावर. खर्चावर देखरेख करण्यासाठीं सरकारचे इंजिनियर होते, आणि कंपनीच्या वह्या त्यांना पाहावयास मिळत. म्हणजे दुसरी साक्ष होती. पण ती ऐकून कोणाचें काय बिघडणार होतें? मैलाला आठ हजार पौंड लागतील असा अंदाज होता, तेथें सरासरी अठरा हजारांच्या घरांत खर्च गेला. हिंदुस्थान सरकारचा माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यानें १८७२ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें स्पष्ट सांगितलें, कीं व्याजाची खात्री असलेल्या भांडवलदाराला आपला पैसा विटांत गेला काय आणि हुगळी नदींत गेला काय, सारखेंच होतें. कुंपण होतें, पण शेताची फिकीर असलेला मनुष्य कुंपणापाशीं नव्हता. तूट भरणारा रयत तर रेल्वेच्या कोणत्याच वहींत नव्हता.

त्या रयतेच्या वतीनें या वह्या वाचण्याचें काम एका शाळामास्तरानें केलें, ही गोष्ट फारशी प्रसिद्ध नाहीं. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शिक्षणखात्यांतील हेडमास्तर. सार्वजनिक काका म्हणून प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी ते हे नव्हत. शाळा सांभाळून उरलेल्या वेळांत या गृहस्थानें सरकारचीं अंदाजपत्रकें व रेल्वेचे अहवाल चाळले, आणि पुणें सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकांत १८८० नंतरच्या काळांत निबंध लिहून रेल्वेविस्ताराचा बोजा देशावर कसा पडतो, तें सरकारच्याच आंकड्यांनीं दाखविलें. १८९७ सालीं गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या खर्चाच्या चौकशीसाठीं बसलेल्या वेल्बी कमिशनपुढें लंडनला साक्ष देण्यास गेले, तेव्हां त्यांच्या तयारीमागें जोश्यांचें साह्य होतें. जोश्यांना कोणीं तपासनीस नेमलें नव्हतें; कचेरी नाहीं, हुद्दा नाहीं, दाखला देण्याचा अधिकार नाहीं. पण एक आंकडा दुसऱ्या आंकड्यापाशीं नेऊन ठेवावयाचा आणि फरक दिसला तर तो बोलून दाखवावयाचा, हेंच तपासनिसाचें व्रत त्यांनीं पाळलें.

या टीकेचें फळ येण्यास एक पिढी जावी लागली. सर विल्यम ॲक्वर्थ यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें १९२१ सालीं रेल्वेचा जमाखर्च सरकारच्या सामान्य जमाखर्चापासून वेगळा करण्याची शिफारस केली. १९२४ च्या ठरावानें तसें झालें, आणि १९२५ सालीं जी. आय. पी. रेल्वेचा कारभारहि सरकारनें आपल्या हातीं घेतला. त्याच दशकांत निरनिराळ्या रेल्वेंमधील देण्याघेण्याचा निकाल लावणारी क्लिअरिंगची कचेरी या देशांतहि निघाली. आणि १९२९ पासून हिशेब लिहिण्याचें काम रेल्वेच्या खात्याकडे, व तो तपासण्याचें काम ऑडिटर-जनरलकडे, अशी फारकत करण्यांत आली. लिहिणारा एक आणि पाहणारा दुसरा! क्लिअरिंग हाउसच्या नंबर टिपणाऱ्या नोकरालाहि १८४२ सालापासून जें कळत होतें, तें राज्यकारभारांत यावयास इतकीं वर्षें लागलीं.

१९५० सालीं अंमलांत आलेल्या भारतीय राज्यघटनेनें हीच गोष्ट अधिक पक्की केली. महालेखापरीक्षकास पदावरून दूर करावयाचें, तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास लागू असलेल्या रीतीनेंच करावें लागतें. आणि तें पद सोडल्यावर त्याला सरकारची दुसरी नोकरी पत्करतां येत नाहीं. भय नाहीं व आशाहि नाहीं, अशा जागीं साक्षीदाराला बसविण्याचा हा प्रयत्न आहे. २०१७ सालीं रेल्वेचें अंदाजपत्रक पुन्हां सामान्य अंदाजपत्रकांत मिळविण्यांत आलें. पण लिहिणारा व पाहणारा यांची फारकत कायम राहिली.

आज मुंबईहून कोल्हापुरास जाणाऱ्या प्रवाशाला मध्यें गाडी बदलावी लागत नाहीं, संस्थान नाहीं, कंपन्याहि नाहींत. पुठ्ठ्याचें तिकीट जाऊन त्याच्या जागीं हातांतल्या यंत्रावरचा आंकडा आला. साधनें बदललीं, तरी प्रश्न तोच आहे: हा आंकडा लिहिणाऱ्याखेरीज आणखी कोणीं पाहिला आहे काय, आणि पाहणाऱ्याला खरें बोलण्याची मोकळीक आहे काय? जंक्शनावर मध्यरात्रीं कंदील घेऊन डब्यांचे नंबर टिपणाऱ्या त्या नोकराचें नांव इतिहासानें जपून ठेवलें नाहीं. पण दोन परक्या कंपन्यांनीं एकमेकींवर ठेवलेला विश्वास त्याच्याच वहीवर उभा होता.